दोनशे जीबीची खोली

यंदा किरुनात चर्चसुद्धा चाकांवर बसून गेलं.
खाणीनं खालची जमीन पोखरली, म्हणून गाव
पूर्वेला सरकतंय, घरामागून घर.
आमच्या इमारतीला नोटीस मार्चमध्ये आली,
कॉम्प्युटरला ऑक्टोबरमध्ये.

'तुमचं यंत्र नव्या आवृत्तीस पात्र नाही.'

पात्र नाही!
नऊ हिवाळे ज्याच्या पंख्याच्या झोतात मी मोजे वाळवले,
ज्यानं एकदाही, अगदी उणे तिशीतही, कुरकूर केली नाही,
त्याला विंडोजनं पडद्याच्या कोपऱ्यातून हळूच सांगावं
की आता नवीन घे.
रोजच सांगावं. भीक नको, पण कुत्रं आवर.

खालच्या मजल्यावरची मारेत आली,
वय सतरा, रेनडिअरवाल्यांची पोर,
मुठीत अंगठ्याएवढा पेनड्राइव्ह.
रिस्तीना, म्हणाली, लिनक्स टाक.
मी विचारलं, कुठलं?
आणि मग कॉफी दोनदा गार झाली.

एक म्हणे भरवशाचं, पण जुन्या चालीचं.
एक दर आठवड्याला कात टाकणारं.
एक फक्त खेळणाऱ्यांसाठी, सुरू केलं की थेट खेळच समोर.
आणि एक असं, की चूलही आपण रचायची
आणि मीठही आपणच काढायचं. ते मारेतचं.
मी म्हटलं, मला दिवसभर खाणीच्या कंट्रोल रूममध्ये
चौदा पडदे सांभाळायचे असतात, बाई,
घरी आल्यावर मला मीठ आयतं लागतं.

फुकट का देतात पण?
फुकट नाही, मोकळं, ती म्हणाली,
कुरणासारखं. चरावं कुणीही,
कुंपण कुणी घालायचं नाही.
खिडकीतून दिसणाऱ्या खाणीच्या डोंगराकडे तिनं पाहिलं नाही.
मीही नाही.

चाळीस मिनिटांत नवं घर उभं.
माझा पाणबुडीचा खेळ चालला, आधीपेक्षा हलका.
ट्रकचा चालला. तो बेटावरचा मासेमारीचाही.
गुरुवारचा नाही चालला.

त्याच्या दारात एक रखवालदार असतो,
लबाडी करणाऱ्यांना पकडणारा.
पार पायापर्यंत उतरून तपासतो, आणि हा पाया
त्याच्या ओळखीचा नव्हता.
परत, म्हणाला. एका ओळीत. कारण नाही.

सोडून दे तो खेळ, मारेत म्हणाली,
तुझ्या पलंगाखाली वाकून बघणारा पाहुणा हवाय कशाला?
बरोबर होतं तिचं.
पण तत्त्व काही गुरुवारी नऊ वाजता कानात बोलत नाही.
हेनिंग बोलतो.
तो माल्मोत. मी इथे.
आई गेल्यापासून आमच्यात एवढेच शब्द उरलेत:
डावीकडे बघ. गोळ्या आहेत का. मी आलो, थांब.
एवढ्यावर आमचं चाललंय,
आणि वाईट नाही चाललेलं.

म्हणून मी डिस्कवरची ती रेघ धरून
इंच इंच सरकवली:
दोनशे जीबी जुन्याला.
मारेतनं तोंड वाकडं केलं, आणि मदत केली.
आता आठवड्यातले सहा दिवस त्या खोलीत अंधार असतो.
गुरुवारी कुलूप काढते, आधी तासभर,
कारण आत गेलं की तुंबलेले अपडेट
दारातच गळ्यात पडतात.

परवा अकरा वाजून गेले तरी हेनिंग गेला नाही.
बारा. एक.
उद्या कामावर नाही जायचं? नाही, म्हणाला.
मी पुढे विचारलं नाही.
दीडच्या सुमाराला खाली स्फोट झाले, रोजचेच,
फरशी थरारली, कपाटातले पेले वाजले,
माइकमधून पार खाली माल्मोपर्यंत गेलं ते.

अजून होतं का ते?
रोज रात्री.

बराच वेळ त्याचा माणूस पडद्यावर नुसता उभा,
बंदूक खाली.
आणि नवीन घरी?
तिथे नाही ऐकू येणार म्हणतात.

हं, म्हणाला.
मग म्हणाला, डावीकडे बघ.